सुकदेव नाना आणि आखूड दांडा

तापी आमच्या शिवाराजवळून जाते तेव्हा तिला कसलीच घाई नसते. बाभळींना वळसा घालत, वाळूत रेंगाळत, म्हशींना अंगावर घेत ती जाते. सुरतेला पोचते तेव्हा मात्र तिला पूल लागतात, कारखाने लागतात आणि पुढे लगेच समुद्र. आमच्याकडची माणसंही तिच्या मागोमाग तशीच गेली. सुकदेव नाना त्यांतले एक. मिसरूड फुटायच्या आत गेले आणि तिथलेच झाले. त्यांची गोष्ट मोठी नाही. एका हाताएवढी आहे. पण सांगायची तर सावकाश सांगावी लागेल.

नाना आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात शिरलेल्या माणसाचे कान काही वर्षांतच जातात. एकदम जात नाहीत. आधी चिमण्या जातात, मग बायकोची हळू हाक जाते, मग देवळातली घंटा. नानांचेही असेच गेले. पण खात्यातला माणूस कान गेले म्हणून रडत बसत नाही, कारण शेजारच्या लूमवरच्या माणसाचेही गेलेलेच असतात. तिथे माणसं दोन विद्या शिकतात. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायचं आणि तळहाताने यंत्र ऐकायचं.

या दुसऱ्या विद्येत नानांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते खात्यातून चालत जायचे आणि जाता जाता एकेका लूमच्या अंगावर उजवा तळहात टेकवायचे, जसं आपण गोठ्यात बैलाच्या पाठीवर टेकवतो. एखाद्या लूमपाशी थांबायचे. म्हणायचे, "हिचा डावीकडचा बोल्ट सैल आहे." पाना लावला की बोल्ट खरंच सैल निघायचा. सैल असेल तिथे हाताला मुंग्या येतात, आणि सगळं नीट कसलेलं असेल तर यंत्र चालू असूनही हात शांत राहतो. हात शांत, म्हणजे काम झालं. नानांनी जन्मभर हा एकच हिशेब मानला.

पुढे खात्यात नवी यंत्रं आली आणि जुन्या लूम भंगारात गेल्या. नाना सुरतेतल्याच नवागामच्या आपल्या घरी आले, पुढच्या खोलीची भिंत पाडून शटर लावलं आणि गॅरेज सुरू केलं. लूम काय आणि गाडी काय, लोखंडच ते, असं त्यांचं म्हणणं. आधी सायकली आल्या, मग स्कूटर, रिक्षा, टेम्पो, मग मोटारी. चालू इंजिनावर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहिलेले नाना बघायला गल्लीतली माणसं थांबायची. सुरतेतच पर्वत पाटिया भागात आज ज्याचं मोठं गॅरेज आहे तो वैभव याच शटरखाली शिकला. नाना त्याला म्हणायचे, "तुझे कान चांगले आहेत, म्हणून तुला हात येत नाही." वैभव हसायचा.

मग नानांना शुगर निघाली.

शुगर आमच्या लोकांना काही दुखवत नाही, म्हणून तिला कुणी मानत नाही. नानांनी गोळ्या आणल्या, काही दिवस घेतल्या आणि बरं वाटतंय म्हणून सोडल्या. एका दुपारी ते जेवायला बसले. पुष्पाबाई ताटात भाकरी वाढता वाढता थांबल्या. नानांच्या उजव्या हाताच्या बोटांवर पाण्याने भरलेला मोठा फोड होता. घरात दोघं अहिराणीतच बोलत.

"हाई काय व्हयनं?"

नानांनी बायकोचे ओठ वाचले आणि हात उलटा करून पाहिला. फोड त्यांनाही तेव्हाच दिसला.

"काही नही. गिरीस लागेल व्हई."

"गिरीस? अहो, हात भाजेल शे तुमना! तुमले कळनं नही?"

सकाळी नाना एका रिक्षाच्या तापलेल्या सायलेंसरपाशी काम करत होते. हात तिथे किती वेळ टेकलेला होता, कुणास ठाऊक. त्यांनी डाव्या हाताने भाकरी मोडली आणि जेवले. पण त्या दिवशी पुष्पाबाईंना कळलं की या माणसाचा हात चालला आहे. आणि हेही कळलं, की हात गेला तर मागे जो उरेल तो बहिरा, म्हातारा माणूस सुकदेव नाना नसेल.

नानांनाही कळत होतं. माणसाला आपल्या अंगातलं कळतंच. नट बोटातून निसटायचा तेव्हा ते ग्रीसला शिवी द्यायचे. थंडी होती तोवर थंडीला द्यायचे. उन्हाळा आला तेव्हा शिवी द्यायला काही उरलं नाही, मग ते गप्प राहायला लागले. पण शटर रोज उघडायचं. गिऱ्हाईक यायचं, काम व्हायचं, नाना तळहात टेकवायचे. हात शांत असायचा. आता तर पहिल्यापेक्षाही शांत. नाना मान डोलवायचे आणि म्हणायचे, "जा, झालं."

अशात एक दिवस कुंदन ती लाल गाडी घेऊन आला.

कुंदन याच गल्लीत वाढलेला. त्याचा बाप नानांबरोबर खात्यात होता. आता कुंदनचं स्वतःचं एम्ब्रॉयडरीचं खातं होतं आणि तो दिंडोलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. गाडी कुणा हिरेवाल्याच्या पोराने हौस फिटल्यावर विकून टाकलेली, परदेशी, दोन दारांची, जमिनीला पोट घासेल अशी. गल्लीत तिच्या दोन्ही बाजूंना जेमतेम माणूस उभा राहील एवढी जागा उरली. पोरंसोरं जमली. पुष्पाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि गाडीकडे खाली वाकून पाहायला लागल्या.

"कुंदन, गाडी शे का चप्पल? इतली बुटकी!"

"काकू, बसून तर बघा. एकदम झक्कास छे."

"मी बसनू तर उठाडाले चार माणसं लागतीन."

सगळे हसले. नानांनाही त्यांचे ओठ दिसले होते, तेही हसले. कुंदनने मागच्या सीटवरून एक खोकं काढलं. त्यात चकचकीत पोलादी दांडा होता. गिअरचा नवा दांडा, बाहेरून मागवलेला. गाडीत होता त्याच्यापेक्षा आखूड.

नानांनी तो हातात घेऊन फिरवला. "हा तर मोडका दिसतोय."

"मोडका नाही नाना, मुद्दाम आखूड केलाय. आता गिअर टाकायला हात एवढा लांब न्यावा लागतो. हा बसवला की मनगटाचं काम. खट, खट. रेसच्या गाड्यांना असतो."

"जास्त पैसे देऊन कमी लोखंड आणलंस? आपल्याकडे माणूस माप वाढवून घेतो, तू कापून आणलंस."

"सुरतेत कापूनच विकतात, नाना."

नाना मोठ्याने हसले. मग कुंदन त्यांच्या समोर आला, त्यांना ओठ नीट दिसावेत असा, आणि म्हणाला, "शोरूमवाले बसवून देतील. पण मला तुमच्याच हातचा पाहिजे."

हे वाक्य कुंदनने प्रेमाने म्हटलं होतं, यात शंका नाही. शटरच्या आत परतलेल्या पुष्पाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नानांनी मात्र छाती भरून श्वास घेतला. कितीतरी दिवसांत त्यांच्याकडे असं काम आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काम काढलं. गिअरचा दांडा आपल्याला वरून दिसतो तेवढाच नसतो. तो खाली गिअरबॉक्सच्या तोंडात उतरतो आणि मध्ये एका गोळ्यावर टेकून दोन्हीकडे झुलतो. वरचं टोक हाताने हलवायचं, खालचं टोक आत गिअर सरकवतं. नव्या दांड्यात तो टेकायचा गोळा वर घेतलेला होता. त्यामुळे वर हात थोडासाच हलला तरी खालचं टोक पुरेसं हलायचं. जोर जास्त लागायचा, पण अंतर कमी. नानांनी हे एकदा पाहिलं आणि त्यांना पटलं. वरची मूठ काढली, दांड्याभोवतीची चामड्याची पिशवी सोडवली, खालचं रबर उचललं, जुना दांडा बाहेर घेतला. जुनं तेल चिंधीने टिपलं. नवा दांडा ग्रीस लावून आत सोडला. तो जागेवर बसला तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर खात्यात यंत्रं दुरुस्त करणारा जुना सुकदेव मास्तर आला. डोळ्यांना अजून सगळं दिसत होतं आणि डोक्याला सगळं कळत होतं.

राहिली वरची चकती आणि तिचे बोल्ट. ती चकतीच दांड्याला जागेवर दाबून धरते. बोल्ट लोखंडाचे, पण ज्या भोकांत ते जायचे ते गिअरबॉक्सचं अंग मऊ धातूचं. अशा ठिकाणी पहिले आटे बोटांनीच फिरवायचे असतात. बोल्ट सरळ धरला असेल तर आपला आपण खाली उतरतो. वाकडा धरला असेल तर बोटांना बारीक खरखर लागते. तिथेच थांबायचं, उलटा फिरवायचा, पुन्हा धरायचा. खरखरीकडे लक्ष न देता पाना लावला तर लोखंड मऊ धातूला चिरत खाली जातं. पान्याला घट्ट लागतं, पण त्या बोल्टने काहीच धरलेलं नसतं.

नानांना खरखर लागली नाही.

त्यांनी पाना लावला, घट्ट लागेपर्यंत फिरवला, रबर बसवलं, पिशवी बसवली, मूठ चढवली. कुंदनला बोलावलं, गाडी चालू करायला सांगितलं. मग उजवा तळहात त्या आखूड दांड्यावर टेकवून डोळे मिटले. इंजिन गुरगुरत होतं. गल्लीतल्या माणसांना ते छातीत ऐकू येत होतं. नानांच्या हाताखाली मात्र शांत होतं. आमच्याकडे भर दुपारी विहिरीतलं पाणी असतं तसं.

"हात लावून बघ," ते कुंदनला म्हणाले. "पाणीसुद्धा हलत नाही."

कुंदनने मूठ धरली. दांडा त्याच्या हातात थरथरत होता. त्याला वाटलं, रेसच्या गाडीचा असाच थरथरत असेल. त्याने पहिला टाकला, दुसरा टाकला. खट, खट. तो नानांच्या पाया पडला आणि गाडी घेऊन गेला.

नानांनी त्याला बजावलं होतं, की थोडी चालवून झाली की परत आण, नवं काम एकदा उघडून पाहावं लागतं. पण कुंदन येईना. फोन केला की पुष्पाबाईंच्या हातात द्यायचा, त्या ऐकायच्या आणि ओठांनी नानांना सांगायच्या, "कामात शे म्हणस." मग "गावले गयेल शे म्हणस." एकदा गाडी मुख्य रस्त्याने जाताना नानांनी स्वतः पाहिली. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच कुंदनच्या खात्यावर जाऊन उभे राहिले.

"गाडी उघडायची आहे."

"नाना, एकदम मस्त चाललीय. उघडायची काय गरज?"

"काम माझं आहे. चावी दे."

कुंदनने त्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. त्याने चावी दिली, आणि तिथेच त्याचं चुकलं, किंवा तिथेच बरं झालं; मला अजून ठरवता आलेलं नाही.

नानांनी खात्याच्या आवारातच गाडीचं दार उघडलं, वाकून पिशवी सोडवली, रबर उचललं. चकतीचे बोल्ट दिसले. ते नानांनी लावलेले बोल्ट नव्हते. दोन तर चांगलेच जाड होते. म्हणजे जुनी भोकं चिरली गेली होती आणि नवे, मोठे आटे पाडून हे बसवले होते. आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या चकतीपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली होती. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटावी आणि डोळ्याला कळावं, म्हणून.

नाना तसेच वाकलेले राहिले. ती पिवळी रेघ त्यांनी आधी पाहिली होती. नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या किसनच्या रिक्षाच्या चाकाला पाहिली होती. समोरच्या दूधवाल्याच्या स्कूटरला. आणि गल्लीतून शाळेची पोरं नेणाऱ्या व्हॅनच्या ब्रेकला. या सगळ्या गाड्या त्यांनी दुरुस्त केलेल्या, आणि पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांवर ही रेघ असायची. नानांना वाटायचं, हल्ली कुठेतरी गाड्या तपासत असतील, तिथले लोक लावत असतील. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ते सरळ झाले. "त्या व्हॅनमध्ये पोरं बसतात," ते म्हणाले. कुंदनला काही समजलं नाही.

"हे कुणी केलं?"

कुंदनने खाली पाहिलं. मग वर पाहून, ओठ नीट हलवत सांगितलं. गाडी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी दिंडोलीच्या पुलावर दांडा हातात सैल झाला होता. मागून टेम्पो येत होता. कशीबशी गाडी कडेला घेतली. "काही झालं नाही, नाना. मी वैभवकडे नेली. त्याने करून दिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगू?"

नानांनी गाडीत बसून दार ओढून घेतलं. "पर्वत पाटियाला चल."

वाटेत कुंदन गिअर टाकत होता. नानांनी एकदा त्याच्या हातावर आपला हात ठेवला. कुंदनला वाटलं, धीर देताहेत. ते धीर देत नव्हते. काही कळतंय का, ते पाहत होते. मग त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

वैभवने त्यांना येताना पाहिलं आणि गाडीखालून बाहेर आला. कुंदनचा चेहरा पाहून त्याला सगळं समजलं असावं. त्याने नानांसाठी स्टूल पुसून ठेवलं. नाना बसले नाहीत.

"कधीपासून?"

वैभव चिंधीने हात पुसत राहिला. मान खाली घालून काहीतरी म्हणाला.

"तोंड वर करून बोल," नाना म्हणाले. "मला खाली पाहून बोललेलं ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे."

वैभवने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "मागच्या होळीच्या आधीपासून, नाना."

"म्हणजे माझ्याकडून गेलेली प्रत्येक गाडी?"

"प्रत्येक नाही. बरीचशी. तुमचं काम बरोबरच असतं. काय बिघडलंय ते तुम्ही बरोबर शोधता. फक्त शेवटचा बोल्ट..." त्याने हवेत बोटं फिरवली आणि थांबला. "मी फक्त बोल्ट बघतो."

"आणि लोकांना कोण पाठवतं?"

वैभव कुंदनकडे पाहायला लागला. कुंदन रस्त्याकडे. रस्त्याने साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो जात होते.

"कोण पाठवतं, वैभव?"

"काकू," वैभव म्हणाला. "काकू इथे आल्या होत्या. तुम्ही घरी नव्हता तेव्हा दूधवाला सांगायला आला होता, की चाक डगमगतंय. काकूंनी त्याला हात जोडले, कुणाला सांगू नको म्हणून. मग रिक्षाने इथे आल्या. म्हणाल्या, नानांकडे येणारं गिऱ्हाईक तोडू नको. आधी नानांकडे जाऊ दे, मग मी हळूच तुझ्याकडे पाठवीन. तू बघून घे."

अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीतले लोक वर्षभर नानांकडे गाडी आणत होते, समोर उभे राहून त्यांची तारीफ करत होते आणि तिथून निघून इथे येत होते. प्रेमानेच. नाना स्टुलावर बसले. वैभवने पाणी आणलं. ते प्याले. मग उठून त्यांनी कुंदनच्या गाडीत वाकून त्या जाड बोल्टांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि वैभवला म्हणाले, "आटे चांगले पाडलेस." वैभव तोंड फिरवून आत निघून गेला.

घरी आले तेव्हा पुष्पाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं. शेजारणी बाहेर बसल्या होत्या, म्हणून नानांनी तोंडाने काही विचारलं नाही. हातांनी विचारलं. पुष्पाबाई लग्नानंतर काही वर्षं त्याच खात्यात बॉबिन भरत होत्या. तेव्हाची हातांची भाषा दोघांना अजून येत होती. नानांनी दोन्ही हात पसरले. लूम बंद पडली की मास्तर दुरून असे हात पसरतो, म्हणजे: काय झालं?

पुष्पाबाईंनी हात उचलले. ते हवेतच राहिले. त्या भाषेत धागा तुटला हे सांगता येतं, ताण्याच्या धाग्याचा बीम संपला हे सांगता येतं, शेठ आला, पाणी दे, सुट्टी झाली, एवढं सगळं सांगता येतं. हे सांगायला खूण नव्हती. त्या उठून आत गेल्या. नानाही गेले. आतल्या खोलीत त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नुसते ओठ हलवून, आवाज न करता बोलल्या.

"घर बसीसन तुम्ही काय करतात? भितडाकडे देखत बसतात. मना बाप तसाच गया. मनाघाई ते देखावतं नही."

"त्या व्हॅनमा पोरं राहतस," नाना म्हणाले.

"म्हणीसनच तर वैभवकडे गवू मी."

"आणि एखांदी गाडी त्याच्याकडे गयीच नही तर?"

हे पुष्पाबाईंच्या मनात आलं नव्हतं असं नाही. कितीतरी रात्री त्यांनी तेवढाच विचार केला असणार. त्यांनी नानांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जोराने दाबला. अगदी नख उमटेपर्यंत दाबला. नाना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. बायको आपला हात दाबते आहे हे त्यांना दिसत होतं.

"दाबी राहिनी का?" त्यांनी विचारलं.

पुष्पाबाई तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. त्या मोठ्याने रडल्या की हळू, ते नानांना कळलं नाही. पण शेजारणी उठून आपापल्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी नानांनी शटर उघडलं. नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखंच. पुष्पाबाई आत भांडी घासत होत्या आणि कान बाहेर होता. पाने भिंतीवर ओळीने टांगलेले होते. नानांनी एकालाही हात लावला नाही. खुर्ची शटरच्या मधोमध ठेवून बसले.

थोड्या वेळाने किसनची रिक्षा आली. किसन परभणीकडचा, मोकळ्या तोंडाचा. रिक्षा उभी करता करताच बोलायला लागला.

"नाना, राम राम! ब्रेक जरा बघा बरं. पार पुढं जाऊन थांबायली, माझ्या सासूवानी."

नाना हसले नाहीत. किसनच्या रिक्षाच्या चाकापाशी गेले, वाकले. पिवळी रेघ थोडी पुसट झाली होती, पण होती.

"ब्रेकची पट्टी झिजलीय," ते म्हणाले. "मागच्या उजव्या चाकाची. तीच बदलायची आहे. वैभवला सांग."

किसन एकदम बावरला. "कोन वैभव? मी कशाला जातोय तिकडं? नाना, तुमच्याबिगर माझ्या रिक्षाला कुनी हात लावलाय का आजवर?"

"लावलाय."

"आईची शपथ, नाना..."

"शपथ घेऊ नको," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बहिऱ्या माणसाचा, म्हणून जरा मोठाच होता. गल्लीत सगळ्यांना ऐकू गेला. "आजपासून सरळ तिकडेच जा. उगाच दोनदा चक्कर कशाला मारतोस?"

किसन उभाच राहिला. त्याने शटरच्या आत पाहिलं. भांड्यांचा आवाज थांबला होता. पुष्पाबाई राखेचे हात तसेच धरून दाराशी आल्या होत्या. किसनने त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे आता काय करू, असं. पुष्पाबाईंनी मान हलवली. जा.

किसनने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. नानांना वाकून नमस्कार केला. मग रिक्षा चालू करून, गल्लीत कशीबशी वळवून, मुख्य रस्त्याकडे निघाला. ब्रेक धड लागत नव्हता म्हणून तो अगदी हळू जात होता.

"सांभाळीसन जाय रे," नाना मागून ओरडले.